सात खोट्या खुणा

माझ्याकडे पुष्कळ वर्षे एक वही होती. तिच्या प्रत्येक पानावर मी पट्टीने रेघा आखून महिन्याच्या तारखा लिहीत असे आणि त्यांच्यापुढे तीन रकाने ठेवत असे. पहिला वाचनाचा, दुसरा प्रार्थनेचा, आणि तिसऱ्याला मी नुसतेच ‘जीभ’ असे नाव दिले होते. दिवसभरात कोणाला लागेल असे बोलले नसेन, तर रात्री त्या रकान्यात बरोबरची खूण होई. वाचनाचा हिशेब तर पक्काच होता. प्रोटेस्टंट परंपरेच्या पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलात, एकूण १,१८९ अध्याय आहेत. रोज तीन आणि रविवारी पाच असे वाचत गेले, तर आठवड्याला तेवीस होतात आणि वर्ष सरता सरता सगळे शास्त्र एकदा वाचून होते. हे गणित मला बाबांनी शिकवले होते, आणि लहानपणी शिकलेल्या बऱ्याच गोष्टींपेक्षा ते माझ्या अंगी जास्त मुरले.

त्या वहीत एक पान असे आहे की ज्यावर सलग सात दिवसांच्या वाचनाच्या खुणा खोट्या आहेत. त्या आठवड्यात बाबा अंथरुणाला खिळून होते, मी रात्रंदिवस त्यांच्या उशाशी होते, आणि ठरलेल्या तेवीस अध्यायांपैकी एकही माझ्याकडून पुरा झाला नव्हता. आठव्या रात्री मी वही उघडली, रिकामे रकाने पाहिले, आणि एका बैठकीत, एकाच शाईने, सातही भरून टाकले.

ती वही दुसरे कोणी पाहणार नव्हते. घरातल्या कोणाला ती कोठे ठेवलेली असते हेही माहीत नव्हते. म्हणजे ती लिहिली जात होती ती केवळ देवासाठी, आणि देव तर त्या सातही रात्री त्याच खोलीत होता, असे मी मानत होते. मग ती लबाडी कोणासाठी होती? हा प्रश्न मला त्या रात्री पडला नाही, पुढे काही वर्षांनी पडला. आणि पडला तेव्हा खोटेपणाच्या लाजेपेक्षा दुसऱ्याच गोष्टीने मी अस्वस्थ झाले. ज्याला सगळे ठाऊक आहे, त्याच्यासमोर कागद तेवढा नीट असला की भागते, असे मी धरून चालले होते. ज्या देवाची मी रोज प्रार्थना करत होते, तो माझ्या मनात फक्त नोंदी तपासणारा कोणी अधिकारी होता, आणि हे मला त्या सात खुणांनी सांगितले. कोणत्याही उपदेशाने सांगितले नव्हते.

कर्मठ माणसाचे चित्र आपण बहुधा ओढलेल्या चेहऱ्याचे काढतो, आणि नियमांखाली दबलेला तो जीव सुटकेची वाट पाहत असेल, असे समजतो. माझा अनुभव निराळा आहे. नियमांचा जाच होतो हे खरे, परंतु त्याहून खरे हे की नियमांचा आधार वाटतो. भरलेला रकाना दिसतो, मोजता येतो, कालच्या रकान्याशी ताडून पाहता येतो. मनाच्या तळाशी काय चालले आहे याची खात्री नसलेल्या माणसाला अशी मोजता येणारी गोष्ट हाताशी असणे फार सुखाचे असते. देवाकडे रिकाम्या हातांनी जायला आपण घाबरतो, म्हणून काहीतरी घेऊन जातो. आणि एकदा घेऊन गेलो की त्याची पोच हवीशी वाटते. मला ती वही सोडवेना, याचे कारण तिचा धाक नव्हता. ती माझी होती. तिच्यातली प्रत्येक खूण माझी कमाई होती.

कृपा हा शब्द मराठीत फार झिजला आहे. ‘कृपया शांतता राखावी’, ‘कृपया रांगेत उभे राहावे’ अशा पाट्यांवर तो रोज नजरेस पडतो. गंमत अशी की प्रत्येक नियमाच्या आणि मनाईच्या डोक्यावर आपण नेमके कृपेलाच नेऊन बसवले आहे. तिच्या शेजारचे दोन शब्द मात्र अजून धारदार आहेत. दया वरून खाली येते आणि ज्याच्यावर येते त्याला लहान करते. उपकाराचे तर ओझे असते. तो स्मरायचा असतो, फेडायचा असतो, आणि करणाऱ्याने बोलून दाखवला नाही तरी घेणाऱ्याला तो ऐकू येतच राहतो. मी तोंडाने कृपा म्हणत होते आणि मनात उपकार समजत होते. ख्रिस्ताने माझ्यासाठी प्राण दिला, आता निदान हप्ते तरी वेळच्या वेळी भरले पाहिजेत, असा तो सरळ व्यवहार होता. त्यात कृतज्ञता नव्हती असे नाही, पण ती कर्जदाराची कृतज्ञता होती, आणि कर्जदार सावकाराच्या दारावरून जाताना सहसा पावले उचलूनच जातो.

कृपेसाठी नव्या करारात, म्हणजे बायबलच्या दुसऱ्या भागात, आलेला मूळ ग्रीक शब्द ‘खारिस’ हाही, ज्याची पत्रे त्या करारात आहेत त्या प्रेषित पौलाच्या हाती आला तेव्हा कोरा नव्हता. देणगी, मर्जी आणि देणगीबद्दलची कृतज्ञता, हे सगळे अर्थ त्याला होते, आणि त्या काळच्या ग्रीक-रोमी समाजात देणे-घेणे हे परतफेडीच्या अपेक्षेने बांधलेले असे. पौलाचा समकालीन रोमी तत्त्वज्ञ सेनेका याने उपकारांविषयी विस्ताराने लिहिले आहे, आणि देणाऱ्याने घेणारा पारखून निवडावा, असा त्याचा सल्ला आहे. (याच सेनेकाचा भाऊ गल्लियो करिंथ येथे न्यायासनावर असताना पौलाला त्याच्यापुढे उभे केले होते, हा तुमच्या नियमशास्त्राचा वाद आहे, तुमचे तुम्ही पाहून घ्या, असे म्हणून त्याने सगळ्यांना बाहेर काढले. धर्माच्या वादात इतका सुटसुटीत निकाल क्वचितच लागला असेल.) सेनेकाचा सल्ला व्यवहाराला धरून आहे, आपण सगळे तोच पाळतो. पौलाने मात्र नेमकी ही पात्रतेची अट काढून टाकली. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात ख्रिस्त कोणासाठी मेला हे सांगताना तो एकामागून एक चार शब्द वापरतो: दुर्बळ, अभक्त, पापी, वैरी. पारखून घेतलेल्या माणसांची ही यादी नव्हे.

नियम आणि कृपा यांच्यातले भांडण पौलाने सर्वांत उघडपणे मांडले ते गलतीकरांस, म्हणजे गलतिया प्रांतातल्या ख्रिस्ती लोकांस, लिहिलेल्या पत्रात. पौलाच्या पत्रांची एक रीत असते: अभिवादन झाले की तो त्या मंडळीबद्दल, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समुदायाबद्दल, देवाचे आभार मानतो, करिंथकरांचे इतके तंटे असूनही त्यांच्या पहिल्या पत्रात त्याने तो शिष्टाचार सोडलेला नाही. गलतीकरांच्या पत्रात मात्र आभार गाळून तो एकदम विषयाला हात घालतो, आणि तिसऱ्या अध्यायाच्या आरंभी त्यांना बुद्धिहीन म्हणून विचारतो की तुम्हांला कोणी भुरळ घातली. या लोकांचा अपराध तरी काय होता? त्यांनी ख्रिस्त सोडला नव्हता. ख्रिस्तावर विश्वास ठेवून शिवाय सुंता करून घ्यावी, यहूद्यांच्या नियमशास्त्रातील दिवस आणि सण पाळावेत, एवढेच काही शिक्षक त्यांना सांगत होते. बेरीज होती, वजाबाकी नव्हती. पौलाच्या मते त्या ‘शिवाय’ शब्दाने सगळेच वजा झाले.

त्याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायात अंत्युखिया शहरातली हकिकत आहे, आणि मला ती नव्या करारातल्या सर्वांत अवघडल्या प्रसंगांपैकी एक वाटते. तेथील मंडळीत यहूदी आणि परराष्ट्रीय, म्हणजे यहूदी नसलेले, विश्वासणारे एकत्र बसून जेवत, आणि येशूचा शिष्य पेत्रही, ज्याला पौल केफा म्हणतो, त्यांच्याबरोबर जेवत असे. मग यरुशलेमेच्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडून काही माणसे आली. पेत्राने भाषण केले नाही, मत बदलल्याचे जाहीर केले नाही. परराष्ट्रीयांच्या पंक्तीला बसू नये असे मानणाऱ्या सुंतावाल्यांच्या भीतीने तो फक्त हळूहळू त्या जेवणातून अंग काढून घेऊ लागला. त्याचे पाहून बाकीचे यहूदी उठले, आणि शेवटी पौलाचा सोबती बर्णबासुद्धा, ज्याने पौलाच्या पडत्या काळात त्याचा हात धरला होता, तोही उठला. पौलाने पेत्राला सर्वांसमोर तोंडावर विरोध केला. ही माणसे सुवार्तेच्या सत्याप्रमाणे नीट चालत नाहीत, असे तो म्हणतो. या ‘चालत’ शब्दाशी मी नेहमी थबकते. पेत्राच्या तोंडून चुकीचा एक शब्दही निघाला नव्हता. त्याने बसायची जागा तेवढी बदलली होती, आणि तेवढ्यात देवाने कोणाला आपले म्हटले आहे याबद्दलची सगळी शिकवण त्याने उलटी करून टाकली होती. जे परराष्ट्रीय तिथे बसून राहिले, त्यांना त्या रिकाम्या जागा पाहून काय वाटले असेल, हे पौलाने लिहिलेले नाही.

यरुशलेमेत हाच प्रश्न प्रेषितांच्या सभेपुढे आला, त्याचा वृत्तांत नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात आहे. तिथे मात्र हाच पेत्र म्हणतो की जे जू आपल्या पूर्वजांना आणि आपल्यालाही वाहता आले नाही, ते शिष्यांच्या मानेवर कशाला ठेवता. सुंतेची सक्ती नको असे ठरले, आणि मूर्तींना अर्पिलेले पदार्थ, रक्त, गुदमरवून मारलेले प्राणी व जारकर्म या चार गोष्टी टाळाव्यात एवढेच पत्रात कळवले गेले. स्वातंत्र्य देणाऱ्या पत्रात चार नियम कशासाठी, असे मला पूर्वी वाटे. आता त्यांपैकी निदान खाण्यासंबंधीचे नियम मी एका पंक्तीला बसता यावे म्हणून घातलेले समजते. देवाने स्वीकारावे म्हणून पाळलेला नियम आणि शेजारच्याला अवघडू नये म्हणून पाळलेला नियम बाहेरून अगदी सारखे दिसतात.

इथे परूश्यांविषयी, म्हणजे येशूच्या काळच्या नियमनिष्ठ यहूदी पंथाविषयी, एक गोष्ट बोलून टाकली पाहिजे, कारण ख्रिस्ती उपदेशांत त्यांना फार स्वस्तात बडवले जाते. ती आपल्या काळातली प्रामाणिक, कष्टाळू, शास्त्राची चाड असलेली माणसे होती. शब्बाथाच्या, म्हणजे साप्ताहिक विश्रांतीच्या, दिवशी वर्ज्य असलेल्या कामांचे एकोणचाळीस प्रकार यहूदी परंपरेने मिश्ना या आपल्या नियमसंग्रहात नोंदवले आहेत हे खरे, पण जीव वाचवायचा असेल तर शब्बाथ मोडावा, हेही त्याच परंपरेने शिकवले आहे. सीनाय पर्वतावरच्या दहा आज्ञांची सुरुवातही आज्ञेने होत नाही. मी तुला दास्यगृहातून बाहेर आणले, असे देव आधी सांगतो आणि मग पुढचे बोलतो. आधी सुटका, मागाहून नियम. तेव्हा कर्मठपणा ही यहूद्यांची खोड आणि कृपा ही ख्रिस्ती लोकांची मिळकत, असा हिशेब मांडणे हेच मुळात कर्मठपणाचे लक्षण आहे.

लूकच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातला परूशी मंदिरात उभा राहतो आणि त्याचे पहिले वाक्य आभाराचे आहे. इतर माणसांसारखा मी नाही म्हणून, हे देवा, मी तुझे आभार मानतो, असे तो म्हणतो. श्रेय तो देवालाच देतो. कृपेची भाषा त्याला उत्तम येते. त्यानंतर तो आठवड्यातून दोन उपास आणि सगळ्या प्राप्तीचा दशांश सांगतो, म्हणजे माझी वहीच मोठ्याने वाचून दाखवतो. लोकांनी पापी ठरवलेला जकातदार दूर उभा राहून छाती बडवतो आणि दया मागतो. येशूची गोष्ट सांगण्याची धाटणी अशी की कोणते उपास खोटे होते, कोणता दशांश चुकला होता, याबद्दल तो अवाक्षर काढत नाही. परूश्याचे सगळे आकडे बरोबर होते, हे मी धरून चालते. माझे नव्हते, आणि तरीही मी त्याच्याच जागी उभी राहून वाचत होते.

तिसऱ्या रकान्याने मला आणखी एक गोष्ट शिकवली, आणि ती शिकायला मला वाचनाच्या रकान्याहून जास्त काळ लागला. गलतीकरांच्या पत्रात आत्म्याचे फळ म्हणून नऊ गुण दिले आहेत: प्रीती, आनंद, शांती आणि पुढचे. ती यादी पाठ करूनच मी जिभेचा रकाना सुरू केला होता. फळाला मी काम करून टाकले होते. पुढे ध्यानात आले की ज्या दिवशी मी कोणाला काहीही बोलले नाही, त्यांतल्या कितीतरी दिवशी मी तुच्छतेने गप्प होते. एका नातेवाइकाशी मी महिनाभर अत्यंत गोड बोलले, कारण त्याच्याशी भांडण्याइतके महत्त्व त्याला द्यावे असे मला वाटत नव्हते. नियमाप्रमाणे त्या महिन्याच्या तीसही खुणा खऱ्या होत्या.

डोंगरावरील प्रवचन हे पुष्कळांना कठोर वाटते आणि कृपेच्या गोष्टीत ते कसे बसवावे हे कळत नाही. खून करू नको, एवढ्यावर येशू थांबत नाही. भावावर उगीच रागावणाराही न्यायसभेच्या दंडास पात्र होतो, असे तो म्हणतो. व्यभिचाराची आज्ञा तो नजरेपर्यंत नेतो. म्हणजे नियम सैल करून माणसांना सोपे जावे असा त्याचा विचार दिसत नाही. उलट तो नियम इतका आत नेतो की रकान्यात काय लिहावे हेच कळेनासे होते. आज मी खून केला नाही, ही खूण करता येते. आज मी कोणाला मनातून काढून टाकले नाही, ही खूण कोण करील? कृपा म्हणजे उत्तीर्ण होण्याचे गुण खाली आणणे, अशी माझी एकेकाळी समजूत होती आणि म्हणून तिची मला थोडी लाजही वाटे. ही अपेक्षा खाली आणलेली नाही. ती इतकी वर नेलेली आहे की कमाईने तिथे पोहोचण्याचा प्रश्नच उरत नाही.

मंडळीच्या इतिहासात हा वाद पुन:पुन्हा उद्‍भवला, आणि दर वेळी नियमांच्या बाजूने उभी राहिलेली माणसे चांगली होती. पाचव्या शतकाच्या आरंभी रोममध्ये राहणारा पेलागियुस हा साधा, कडक वागणुकीचा तपस्वी. ख्रिस्ती म्हणवणाऱ्यांची ढिलाई पाहून तो कळवळे. तू जी आज्ञा करतोस ते करण्याचे बळ दे आणि मग हवी ती आज्ञा कर, या अर्थाची बिशप ऑगस्टीनची प्रार्थना ऐकून तो भडकला, कारण अशाने माणसे हातपाय गाळून बसतील अशी त्याला धास्ती वाटली. कार्थेजच्या परिषदेने ४१८ मध्ये त्याची शिकवण नाकारली. मला त्याच्याबद्दल सहानुभूती आहे. माझ्या वहीचा तो खरा संरक्षक संत शोभला असता.

प्रोटेस्टंट सुधारणेचा प्रणेता मार्टिन ल्यूथर याची गोष्ट सर्वांना ठाऊक असते ती १५१७ च्या प्रबंधांपासून, पण मला त्याच्या आधीचा मठातला तरुण जवळचा वाटतो. तो पापकबुलीला बसला की तासन्‌तास उठत नसे, आणि उठून गेल्यावर राहून गेलेले काहीतरी आठवून परत येई. त्याचा वडीलधारा योहान फॉन श्टाउपिट्स याने त्याला त्या हिशेबातून काढून ख्रिस्ताकडे पाहायला लावले. ल्यूथरने उतारवयात, १५४५ मध्ये, स्वतःच लिहून ठेवले आहे की देवाचे नीतिमत्त्व हे रोमकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायातले शब्द तो द्वेषाने वाचत असे, कारण त्यांत त्याला फक्त शिक्षा करणारा देव दिसे. ते नीतिमत्त्व देव मागत नसून देतो, हे उमगले तेव्हा स्वर्गाची दारे उघडल्यासारखे त्याला वाटले. १५१८ मध्ये हायडेलबर्गच्या वादसभेत त्याने मांडलेले एक विधान मला त्या सगळ्याहून मोलाचे वाटते: माणसाचे प्रेम त्याला आवडणारी वस्तू आधी शोधते, देवाचे प्रेम मात्र त्याला आवडणारी वस्तू शोधत नाही, ती निर्माण करते. सेनेकाच्या सल्ल्याला याहून नेमके उत्तर मला मिळालेले नाही. पुढे यावरून मंडळी दुभंगली, आणि १९९९ मध्ये आउग्सबुर्ग येथे लूथरन आणि कॅथलिक मंडळींनी नीतिमान ठरवले जाण्याच्या प्रश्नावर संयुक्त घोषणेवर सह्या केल्या, पण तो इतिहास इथे लांबवत नाही.

पंडिता रमाबाईंविषयी मात्र लिहिल्यावाचून राहवत नाही, कारण त्यांनी हे आपल्या बाबतीत विलक्षण स्पष्टपणे सांगितले आहे. १८८३ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षीत त्या म्हणतात, की त्यानंतरही सुमारे आठ वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म तेवढा सापडलेला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. इतक्या बुद्धिमान, इतकी शास्त्रे पचवलेल्या बाईने स्वतःच्या आठ वर्षांविषयी असे लिहावे, याने मला पहिल्यांदा वाचले तेव्हा मोठा धीर आला.

आता तो आक्षेप, जो कृपेचे नाव काढताच कोणीतरी घेतोच: सगळे फुकट असेल, तर मग काहीही करायला मोकळीक झाली की. हा आक्षेप नवा नाही. पौलाने रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात तो स्वतःच विचारला आहे आणि झिडकारला आहे. जर्मन धर्मगुरू बॉनहोफरने १९३७ मध्ये ‘स्वस्त कृपा’ या शब्दांत त्याच रोगावर बोट ठेवले, आणि १९४५ मध्ये फ्लोसेनबुर्गच्या छळछावणीत फाशी जाणाऱ्या त्या माणसाला असे म्हणण्याचा अधिकार होता. पण मला असे वाटते की ‘मग पाप करायला हरकत नाही ना’ हा प्रश्न वहीवाल्या माणसालाच सुचतो. पाप ही मनातून हवीशी गोष्ट आणि आज्ञापालन ही तिची किंमत, असे ज्याने गृहीत धरले आहे, त्याला किंमत माफ झाल्याचे ऐकून पहिला आनंद हाच होणार. मला झालाही. वही बंद केल्यावर मी कित्येक महिने शास्त्र उघडले नाही. कोणी तपासणारे नाही म्हटल्यावर माझी भूक किती होती ते कळले: अजिबात नव्हती. इतकी वर्षे मी जेवत नव्हते, ताट रिकामे करत होते. ते महिने मी वाया गेलेले समजत नाही, पण त्यांना गोंडस नावही देणार नाही. ते कोरडे होते आणि मी घाबरले होते. मग एका संध्याकाळी काही कारण नसताना मी मार्कचे शुभवर्तमान उघडले आणि किती अध्याय झाले हे न बघता वाचत बसले. रोज असे होते असेही नाही.

याहून अवघड वळण पुढेच होते. कृपा उमगली असे वाटू लागल्यावर मी वहीवाल्या माणसांकडे कणवेने पाहू लागले. कोणी उपासाचे किंवा पहाटेच्या प्रार्थनेचे बोलले की मी मनात हसत असे: बिचारे अजून तिथेच आहेत. इतर माणसांसारखी मी नाही म्हणून, हे देवा, मी तुझे आभार मानते.

मग आमच्या मंडळीत एक गृहस्थ परतले. जाताना त्यांनी पुष्कळांना दुखावले होते आणि मागचे निस्तरण्यात आम्हा काही जणांची वर्षे गेली होती. प्रभुभोजनाच्या, म्हणजे ख्रिस्ताच्या स्मरणार्थ भाकर घेण्याच्या, दिवशी ते रांगेत माझ्यापुढे उभे होते. माझ्या मनात नोंदींचे सगळे पान खाडकन उघडले: किती रविवार आले नाहीत, कोणाची क्षमा मागितलेली नाही, किती सहज उभे आहेत. भाकर त्यांच्या तळहातावर ठेवली गेली तेव्हा मला खरोखर अन्याय झाल्यासारखे वाटले, येशूच्या गोष्टीतल्या द्राक्षमळ्यात पहाटेपासून राबलेल्या मजुरांना शेवटच्या तासाला आलेल्यांच्या हातावर तोच एक दिनार पाहून वाटले तसे. उधळ्या पुत्राच्या गोष्टीत पैसा उडवून परतलेल्या धाकट्यासाठी बाप मेजवानी घालतो, तेव्हा थोरला भाऊ बापाला म्हणतो की मी इतकी वर्षे तुमची चाकरी केली, एकही आज्ञा मोडली नाही. आणि धाकट्याला भाऊ न म्हणता ‘हा तुमचा मुलगा’ म्हणतो. त्याच्याकडेही वही होती. बाप त्याला समजवायला बाहेर येतो, आणि पुढे तो आत गेला की नाही हे येशूने सांगितलेलेच नाही. त्या रविवारी मी रांगेतून पुढे सरकले, हात पुढे केला, भाकर घेतली आणि त्या गृहस्थांच्या शेजारची जागा मोकळी होती तरी दुसरीकडे जाऊन बसले. अंत्युखियाची हकिकत मी त्याआधी कितीतरी वेळा इतरांना समजावून सांगितली होती.

त्या आठवड्यात, ज्याच्या खुणा खोट्या आहेत, मी शास्त्र मुळीच वाचले नव्हते असे नाही. पहिल्या रात्री मी गणनेचे पुस्तक बाबांच्या उशाशी घेऊन बसले. त्यांचेही ऐकणे होईल आणि माझेही तीन अध्याय होतील, असा बेत होता. वंश, घराणी आणि मोजणीचे आकडे मी भराभर वाचू लागले. थोड्या वेळाने ते म्हणाले, “अगं, ते राहू दे. एकशे तिसरं स्तोत्र वाच.” मी वाचू लागले आणि चौदाव्या वचनाशी त्यांनी हात वर केला. “हे पुन्हा वाच.” मी पुन्हा वाचले: कारण तो आमची प्रकृती जाणतो, आम्ही केवळ माती आहोत हे तो आठवतो. मग आणखी एकदा. पुढे जाऊ लागले की ते मान हलवत. दुसऱ्या रात्री तसेच, तिसऱ्या रात्री तसेच. मला मनातून चुळबुळ होत होती, कारण अध्याय साठत चालले होते. चौथ्या रात्री मी विचारले, “बाबा, पुढचं वाचू का?” रोज तीन आणि रविवारी पाच हे ज्यांनी मला शिकवले, ते म्हणाले, “पुढचं असू दे.”

एका वचनाला अध्याय म्हणता येत नाही, तेव्हा रकान्यात त्याची खूण करण्याचा प्रश्नच नव्हता. सातव्या रात्री मी पुस्तक उघडायच्या आत त्यांनी स्वतःच म्हणायला सुरुवात केली आणि ‘आम्ही केवळ माती आहोत हे’ इथवर येऊन त्यांना झोप लागली. उरलेले ‘तो आठवतो’ मी म्हटले, दिवा मालवला, आणि दुसऱ्या रात्री वही काढून रिकामे रकाने भरायला बसले.